सर्व्हेच्या प्रॅक्टिकलमध्ये साखळी अन् कंपास काऊन शिकवून राहिले?

सिव्हिलचा_पोट्टा

नमस्कार मंडळी. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज हिंगणा रोडकडं. या सेमिस्टरला सर्व्हेइंग आहे. चेन सर्व्हे झाला, क्रॉस स्टाफ झाला, आता प्रिझमॅटिक कंपास चालू आहे. मग प्लेन टेबल (ट्रायपॉडवरच्या फळीवर जागीच नकाशा काढायचा), लेव्हलिंग (उंची मोजणं), थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण). टोटल स्टेशन (कोन अन् अंतर दोन्ही मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) पार शेवटी, तेही यंत्र एक आणि बॅच अख्खी.

साइटवर साखळी कोणी ओढत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. माझा मोठा भाऊ रस्त्याच्या कामावर आहे, कॉलेज सोडल्यापासून त्यानं कंपास हातात घेतला नाही. मग आम्हाला हे काऊन शिकवून राहिले?

आता खरं दुखणं सांगतो. आमच्या ग्रुपनं मैदानाभोवती पाच स्टेशनं घेऊन कंपास ट्रॅव्हर्स केला, म्हणजे स्टेशनाहून स्टेशनाकडं दिशा मोजत फेरी मारून परत पहिल्यावर आलो, अ ब क ड इ. सरांनी वही पाहिली, मधल्या तीन ओळींना लाल गोल केले आणि "परत घ्या" म्हणाले. परत घेतला, तेच आलं. आता उन्हात पुन्हा जायला ग्रुपमधलं कोणी तयार नाही. रीडिंग टाकतो, बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून मोजलेला कोन; पहिलं फोर बेअरिंग (पुढच्या स्टेशनकडं), दुसरं बॅक बेअरिंग (पुढच्या स्टेशनवरून मागं):

अब: ४०°३०′, २२०°३०′
बक: १०२°००′, २८३°३०′
कड: १७०°००′, ३४७°३०′
डइ: २४९°३०′, ७०°३०′
इअ: ३१८°३०′, १३८°३०′

दोन्हींत १८० चा फरक पाहिजे, एवढं समजतं. मधल्या तिन्ही ओळींत तो नाही. कुठं गडबड होऊन राहिली?

संत्राबर्फी

आधी खरं सांग. मैदानात फिरले का कॅन्टीनमध्ये बसून वही भरली?

सिव्हिलचा_पोट्टा

कॅन्टीनमध्ये भरली असती तर सगळ्या ओळींत १८० आणले नसते का बे?

लेव्हलवाली_मॅडम

संत्राबर्फी, त्यानं दिलेलं उत्तर अगदी बरोबर आहे. बरीच वर्षं पॉलिटेक्निकमध्ये सर्व्हे शिकवते आहे. ज्या वहीत सगळे फरक तंतोतंत १८० येतात, त्याच वहीबद्दल मला आधी शंका येते.

पोट्ट्या, आता हे कर. बेअरिंग बाजूला ठेव आणि प्रत्येक स्टेशनवरचा आतला कोन काढ. ब वर उभा असताना तू दोन वाचनं घेतलीस: मागं अ कडे २२०°३०′ आणि पुढं क कडे १०२°००′. वजाबाकी ११८°३०′. तसंच बाकीच्या चारांचं कर आणि बेरीज इथं लिही. पाच बाजूंच्या आकृतीत आतल्या कोनांची बेरीज किती हवी ते माहीत आहेच, (२n − ४) गुणिले ९०, म्हणजे ५४०.

सिव्हिलचा_पोट्टा

अ ९८°००′, ब ११८°३०′, क ११३°३०′, ड ९८°००′, इ ११२°००′ (इथं ३६० मिळवावे लागले).

बेरीज ५४०. पूर्ण ५४०! म्हणजे काय झालं आता?

लेव्हलवाली_मॅडम

म्हणजे तुमचं वाचन चांगलं आहे. कंपासवर अर्ध्या अंशाच्या खुणा असतात, त्यात पाच स्टेशनांत अर्धा अंश इकडंतिकडं झाला असता तरी मी मान्य केला असता.

क वर सुई दीड अंशानं सरकलेली असेल, तर क वरून घेतलेली दोन्ही वाचनं दीड अंशानंच बिघडतात. वजाबाकी केली की ती चूक उडून जाते. म्हणून कोन शाबूत राहिले आणि बेअरिंग बिघडली. याला लोकल अट्रॅक्शन म्हणतात.

कुठं आहे ते ओळीवरूनच दिसतं. अब आणि इअ या दोन्ही ओळींत बरोबर १८०, म्हणून अ, ब, इ स्वच्छ. ब स्वच्छ आहे म्हणजे बक चं १०२° खरं. तर क वरून ब कडे २८२° यायला हवे होते, आले २८३°३०′. क वर दीड अंश जास्त. तो वजा केला की क वरून ड कडचं खरं बेअरिंग १६८°३०′. मग ड वरून क कडे ३४८°३०′ यायला हवे, आले ३४७°३०′. ड वर एक अंश कमी. तो मिळवला की डइ २५०°३०′, आणि इ वरचं ७०°३०′ त्याच्याशी जुळतं. गणित दुसऱ्या बाजूनं येऊन मिटलं, आता कोणी काही म्हणू शकत नाही.

क आणि ड जवळ काय आहे?

सिव्हिलचा_पोट्टा

क नव्या पत्र्याच्या पार्किंग शेडला लागून आहे. ड पाशी डीपी आहे, त्याला लोखंडी जाळीचं कुंपण. मॅडम, आम्ही ही दोन्ही स्टेशनं सावली पाहून निवडली होती!

वर्धारोड

सावली आणि डीपी, आमच्या वेळी पण हेच. डीपीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव, व्हायव्हात विचारतात. सुई विजेनं सरकलेली नाही. एसी प्रवाहाचं क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतं, सुईला तेवढी चपळाई नाही. तिला ओढतं ते तिथलं लोखंड. खिशातला मोबाइल, किल्ल्या, हातातला रेंजिंग रॉडचा लोखंडी बूड, सगळं बाजूला ठेवायचं.

सेमिनरी हिल्सवर कोणाचा कॅम्प असेल तर तिथं काळा बेसॉल्ट आहे. नागपूर म्हणजे दख्खनच्या कातळाचा पूर्वेकडचा काठ, शहराच्या पूर्वेला गेलं की खडकाची जात बदलते. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतो, कधीकधी उघड्या माळावर सुद्धा सुई वेडंवाकडं दाखवते आणि आजूबाजूला शेडही नसते.

मुळामुठा

पुण्याहून राम राम. गणित झकास सुटलं, पण मूळ प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही. ज्या यंत्राला पत्र्याची शेड चालत नाही, ते २० व्या शतकातच सोडून द्यायला हवं होतं. आठवड्याला प्रॅक्टिकलचे तास मोजके. त्यात साखळी, कंपास आणि प्लेन टेबल भरले की जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा काढणं), ड्रोन, जीआयएस (संगणकावरचे नकाशे) यांना उरतं काय? मुलगा नोकरीला लागतो तेव्हा त्याला रोव्हरवर (उपग्रहांचा सिग्नल घेणारं हातातलं यंत्र) फिक्स (पक्की जागा) आणि फ्लोट (अंदाजे जागा) यातला फरक माहीत नसतो, पण प्लेन टेबलचे लेमनचे नियम तोंडपाठ असतात. राज्यात जमिनीची मोजणी रोव्हरनं होते आहे, स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन उडाले. अभ्यासक्रम बदला.

भूकरमापक_निवृत्त

भूमि अभिलेखमधून निवृत्त आहे. नोकरी वऱ्हाडात सुरू झाली आणि नागपूर जिल्ह्यात संपली, त्यामुळे सर्व्हे नंबर आणि खसरा दोन्ही भाषा येतात. पुणेकर साहेबांचं निम्मं मला पटतं. रोव्हर आल्यानं आमच्या पोरांचं काम सोपं झालं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण साखळीबद्दल बोलू का थोडं. तुमच्या कॉलेजात जी मीटरची साखळी आहे ती २० किंवा ३० मीटरची, २० च्या साखळीत १०० कड्या. इंग्रजांची गंटर साखळी ६६ फुटांची. तिचं कौतुक असं की १० चौरस साखळ्या म्हणजे नेमका एक एकर. आपल्या मोजणी खात्याची जुनी साखळी त्याच्या निम्मी, ३३ फूट, तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तो आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही वावराचा सौदा गुंठ्यात होतो, त्याचं मूळ त्या लोखंडी कड्यांत आहे.

आता पोराला एक गोष्ट विचारतो. समज तुझी २० मीटरची साखळी ओढून ओढून १० सेंटीमीटरनं लांबली आहे आणि तुला ते माहीत नाही. तू चार हेक्टरचं वावर मोजलंस, चारी बाजू, कर्ण सगळं. नकाशा काढलास. क्लोजिंग एरर, म्हणजे शेवटची बाजू पहिल्या बिंदूपासून किती दूर पडते ती चूक, किती येईल?

सिव्हिलचा_पोट्टा

साखळी चूक आहे म्हणजे आकृती मिटणार नाही. भरपूर येईल ना काका?

भूकरमापक_निवृत्त

शून्य येईल, बेटा.

संत्राबर्फी

काय सांगता!

भूकरमापक_निवृत्त

सगळ्या बाजू एकाच प्रमाणात कमी भरतात. आकार तोच राहतो, फक्त आकृती लहान निघते. लहान झालेला चौकोनसुद्धा चारी कोपऱ्यांत व्यवस्थित मिटतो. कोनांची बेरीज बरोबर, कर्ण बरोबर, ताळा बरोबर. आणि क्षेत्र? लांबीत दोनशेला एकची चूक, म्हणजे अर्धा टक्का. क्षेत्रात ती दुप्पट, एक टक्का. चार हेक्टरात चार आर. चार आरासाठी दोन सख्खे भाऊ किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात ते मी साक्षीला उभा राहून पाहिलेलं आहे.

त्यामुळे साखळी रोज कामाआधी तपासायची. त्यासाठी कचेरीच्या आवारात जमिनीत पक्क्या खुणा ठोकलेल्या असत, दोन खुणांमधलं अंतर नेमकं माहीत. साखळी त्यावर पसरून बघायची. लांबली असेल तर जोडाची एखादी छोटी कडी काढायची नाहीतर ताणून लांबट झालेल्या कड्या ठोकून पुन्हा गोल करायच्या. ट्रॅव्हर्स कितीही सुंदर मिटू दे, त्या खुणांशिवाय ही चूक सापडत नाही.

लेव्हलवाली_मॅडम

काका, हे उद्या वर्गात जसंच्या तसं सांगणार आहे. मुलांना क्लोजिंग एरर म्हणजे परीक्षेचा निकाल वाटतो. ती छोटी आली की बोडिचच्या नियमानं बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकायची, आकृती कागदावर मिटते आणि सगळे खूश. बोडिचनं ती रीत १८०८ मध्ये मांडली ती सुट्यासुट्या लहान चुकांसाठी, लांबलेल्या साखळीसाठी नव्हे.

मुळामुठा

उदाहरण उत्तम, पण यासाठी लोखंडी साखळीच कशाला हवी? टोटल स्टेशनमध्ये तापमान चुकीचं टाकलं की तीच प्रमाणातली चूक होते. तेच शिकवा.

वर्धारोड

हे मात्र खरं आहे. साधारण एक अंश सेल्सिअसला एक पीपीएम, म्हणजे किलोमीटरला एक मिलिमीटर. यंत्रात २० अंश टाकलेले आणि नागपूरच्या मे महिन्यात हवा ४४, तर किलोमीटरला दोन-अडीच सेंटीमीटर. घराच्या प्लॉटला फरक पडत नाही, पुलाच्या कंट्रोल पॉइंटला पडतो.

उरलेलं मात्र पटत नाही. टोटल स्टेशन चूक दाखवत नाही, आकडा दाखवतं, तोही तीन दशांश स्थळांपर्यंत. पडद्यावर १२४.३८७ दिसलं की कोण शंका घेणार? आमच्या साइटवर एकदा प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच) बदलला आणि यंत्रातला त्याचा कॉन्स्टंट (प्रत्येक अंतरात धरायची दुरुस्ती) जुनाच राहिला. प्रत्येक अंतर तीन सेंटीमीटरनं चुकत होतं आणि पोट्टे छातीठोकपणे मिलिमीटर वाचून राहिले होते. ते सापडलं कसं, तर एका म्हाताऱ्या फोरमननं सहज म्हणून स्टीलचा टेप लावला.

स्टीलचा टेप सुद्धा उन्हाला बळी पडतोच. त्याचा गुणांक अंशाला ०.००००११५. तीस मीटरचा टेप २० अंशाला बरोबर केलेला असेल तर ४५ अंशाला साडेआठ मिलिमीटर लांबतो. तीनशे मीटर मोजले की साडेआठ सेंटीमीटर कमी भरतात. ही झाली हवेच्या तापमानाची गोष्ट; दुपारी दोन वाजता डांबरावर पडलेला टेप हवेपेक्षा जास्तच तापतो.

हिंगणघाटकर

टेप आणि उन्हाचं निघालंच आहे तर आमच्या गावचं सांगतो, कारण नागपूरवाल्यांनाही हे बऱ्याचदा माहीत नसतं. विल्यम लॅम्ब्टनची कबर हिंगणघाटला आहे. ज्यानं १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा (त्रिकोणांची पहिली, प्रत्यक्ष मोजलेली बाजू) मोजून त्रिकोणमितीचं मोठं सर्वेक्षण सुरू केलं, तो. हैदराबादहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ ला इथं वारला. त्याच्यानंतर काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं आणि नाव शिखराला लागलं. लॅम्ब्टनच्या वाट्याला आमचं गाव आलं.

पायारेषा मोजायला त्याच्याकडे १०० फुटी पोलादी साखळी होती. ती जमिनीवर टाकत नसत. लाकडी पेट्यांमध्ये ठेवून, वर सावली धरून, शेजारी थर्मामीटर लावून मोजत, आणि प्रत्येक मापाला तापमानाची दुरुस्ती. वर्धारोड, तुमचा गुणांक तेव्हाही लागायचा. थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र आपटलं. त्यानं ते दुरुस्त करून पुढं वापरलं.

संत्राबर्फी

आणि आमच्या ग्रुपनं ट्रायपॉडचा एक स्क्रू हरवला तर लॅबवाल्यानं पूर्ण सेमिस्टर सुनावलं होतं.

मीनल_नकाशे

जीएनएसएस आणि जीआयएसवर काम करते, तेव्हा मुळामुठांच्या बाजूनं बोलायला हवं. पण रोव्हरवाल्यांचा भाबडेपणा मला रोज दिसतो, म्हणून थोडं लांबलं तरी लिहिते.

पहिलं, आकाश. रोव्हरला मोकळं आकाश लागतं. महालच्या गल्ल्यांत, सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली, वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली ते नाही. तिथं पडद्यावर फ्लोट येतं, किंवा भिंतीवर आपटून आलेल्या सिग्नलमुळे चुकीचं फिक्स येतं, आणि ते जास्त धोक्याचं. अशा ठिकाणी दोन बिंदू मोकळ्यावर जीएनएसएसनं घ्यायचे आणि मधलं काम टोटल स्टेशनच्या ट्रॅव्हर्सनं. म्हणजे पोट्ट्याचं अ ब क ड इ परत आलंच.

दुसरं, उंची. झिरो माईलला जा. तिथं जीटीएसचा (त्याच त्रिकोणमितीच्या मोठ्या सर्वेक्षणाचा) स्टँडर्ड बेंचमार्क (उंची पक्की माहीत असलेली खूण) आहे, १९०७ चा, उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे ३११ मीटरला किंचित कमी. ही उंची समुद्रसपाटीपासूनची. आता शेजारी रोव्हर लावा आणि कच्ची उंची बघा, ती पन्नास मीटरहून जास्त कमी दिसेल. यंत्र बिघडलेलं नाही. उपग्रहाची उंची गणिती लंबगोलापासून मोजलेली असते आणि भारतात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग, जिऑईड, त्या लंबगोलाच्या बराच खाली आहे. जिऑईड मॉडेल न लावता कोणी या उंचीवर नाल्याचा उतार ठरवला तर काय होईल? एकाच यंत्रानं सगळं काम केलं तर छोट्या साइटवर काहीच होणार नाही, फरक सगळीकडे जवळपास सारखाच. पण एका ठेकेदारानं बेंचमार्कवरून लेव्हल आणली आणि दुसऱ्यानं कच्च्या जीपीएसवरून, की दोन पाइप भेटणार नाहीत.

तिसरं माझं आवडतं. यूटीएम या नकाशा-पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात, सहा अंशांचे. नागपूर ७९ अंश पूर्वेच्या जरा पलीकडे, म्हणून पट्टा ४४. अमरावती ७८ च्या अलीकडे, म्हणून ४३. समृद्धी महामार्ग इथून निघतो आणि अमरावती जिल्ह्यात पट्टा ओलांडतो. दोन पट्ट्यांचे आकडे एका फाइलमध्ये मिसळले की अर्धा रस्ता भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. तो मोठा गोंधळ लगेच दिसतो, म्हणून निभावतो.

न दिसणारा गोंधळ हा. ४४ व्या पट्ट्याचा मध्य ८१ अंश. मध्यावर नकाशाचं अंतर जमिनीपेक्षा मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, ०.९९९६ पट. मध्यापासून साधारण १८० किलोमीटरवर ते जमिनीशी जुळतं. नागपूर मध्यापासून जवळपास २०० किलोमीटरवर, म्हणून इथं फरक किलोमीटरला दहा सेंटीमीटरच्या आत. नागपूरकर नशीबवान. तेच पोरगं गोंदियाला गेलं तर मध्यापासून अंतर ८०-८५ किलोमीटर, आणि किलोमीटरला फरक सुमारे ३० सेंटीमीटर. कोऑर्डिनेटवरून काढलेली लांबी आणि टेपनं मोजलेली लांबी जुळत नाही, मग सगळे यंत्राला शिव्या देतात. काकांची लांबलेली साखळी हीच, फक्त ती आता सॉफ्टवेअरच्या पोटात बसली आहे. आणि काका म्हणाले तसं, ट्रॅव्हर्स मिटतोच.

मुळामुठा

गोंदियाचं उदाहरण पटलं. पण मीनलताई, तुम्ही जे लिहिलं ते मुलांना शिकवतं कोण? प्लेन टेबलमुळेच त्याला वेळ उरत नाही, असं माझं म्हणणं आहे. कंपास ठेवा, लेव्हल तर ठेवाच. प्लेन टेबल तरी काढा.

लेव्हलवाली_मॅडम

प्लेन टेबलवर मी भांडणार नाही, भांडायला आवाजच उरत नाही. पावसात कागद फुगतो, वाऱ्यात उडतो, वही नसल्यानं नंतर क्षेत्र काढायला आकडे नाहीत. तरी एक सांगते. नकाशा जमिनीसमोर उभं राहून काढायची ती एकच पद्धत आहे. झाड सुटलं तर तिथंच दिसतं. टोटल स्टेशनवाली मुलं ऑफिसात येऊन पॉइंट जोडतात आणि विहीर रस्त्याच्या मधोमध निघते.

माझा जीव लेव्हलिंगमध्ये आहे, नावावरून कळलंच असेल. ऑटो लेव्हलनं ते सोपं झालं, पण चुका यंत्रापेक्षा पायाखाली जास्त असतात. आपल्याकडची काळी माती. टर्निंग पॉइंटवर (जिथं यंत्र हलवताना स्टाफ तसाच ठेवतात तो बिंदू) स्टाफ, म्हणजे आकड्यांची पट्टी, मातीत ठेवला, फोरसाइट (जुन्या जागेवरून शेवटचं वाचन) घेतली, यंत्र पुढं नेलं आणि बॅकसाइट (नव्या जागेवरून पहिलं वाचन) घेईपर्यंत स्टाफ पाच मिलिमीटर दबला. पुढचे सगळे बिंदू पाच मिलिमीटर वर. म्हणून लोखंडी फूट प्लेट नाहीतर पक्का दगड.

दुसरं, बॅकसाइट आणि फोरसाइटचं अंतर सारखं ठेवा. यंत्राची दृष्टिरेषा जरा कललेली असली तरी सारख्या अंतरावर चूक दोन्हीकडे तेवढीच होते आणि वजाबाकीत जाते. पृथ्वीची वक्रता आणि वातावरणाचं वक्रीभवन मिळून किलोमीटरला सहा-सात सेंटीमीटर येतात, शंभर मीटरला मिलिमीटरही नाही. तेही अंतर सारखं ठेवल्यानं उडतं. फक्त स्टाफचा खालचा अर्धा मीटर टाळा. एप्रिलमध्ये दहा वाजल्यानंतर जमिनीलगतची हवा अशी नाचते की स्टाफवरचे आकडे पोहतात.

आणि वही राइज अँड फॉलनं लिहा, म्हणजे प्रत्येक बिंदू आधीच्यापेक्षा किती वर किंवा खाली ते. कोलिमेशनची रीत (यंत्राच्या उंचीतून वाचन वजा करायचं) झटपट होते, पण तिच्या ताळ्यात इंटरमीडिएट वाचनं येतच नाहीत. मधल्या एखाद्या बिंदूची लेव्हल काढताना वजाबाकी चुकली तरी बॅकसाइट वजा फोरसाइट बरोबर येतं. राइज अँड फॉलमध्ये ती चूक तिथल्या तिथं पकडली जाते. साध्या कामाला मिटताना २४√k मिलिमीटर चालतात, k किलोमीटरमध्ये. पाव किलोमीटरच्या फेऱ्याला बारा.

वर्धारोड

साइटवर मी कोलिमेशननंच लिहितो, सगळेच लिहितात. एका सेटिंगवरून चाळीस बिंदू घ्यायचे असतात, राइज-फॉल लिहीत बसलो तर काँक्रीटची गाडी परत जाईल.

लेव्हलवाली_मॅडम

लिहा. पण निदान प्रत्येक सेटिंगवर एक बिंदू आधीच्या सेटिंगमधलाही घ्या.

वर्धारोड

तो घेतो. त्याशिवाय झोप येत नाही.

सिव्हिलचा_पोट्टा

अपडेट. सरांना आतल्या कोनांची बेरीज दाखवली. सर म्हणाले की त्यांना हेच पाहिजे होतं, "परत घ्या" म्हणजे गणित परत घ्या! पण आम्ही कंपास घेऊन उन्हात गेलो, ते काही बोलले नाहीत, बघत राहिले. आता फळ्यावर पूर्ण वर्गासमोर सोडवायला लावलं आहे.

काका, तुमचं लांबलेल्या साखळीचं लॅबमध्ये करून बघितलं. आमची साखळी टेपवर पसरली. कुठल्या बाजूनं किती चुकली ते इथं लिहीत नाही, लॅबवाले हा धागा वाचतात.

आता पुढचा प्रश्न. कॅम्प रामटेकला आहे, प्लेन टेबलचा थ्री पॉइंट प्रॉब्लेम (तीन माहीत बिंदूंवरून आपली जागा नकाशावर शोधणं) करायचा आहे. गडावरचं मंदिर, एक पाण्याची टाकी आणि एक मोबाइल टॉवर असे तीन पॉइंट सीनियर लोकांनी सांगितले. बेसेलची रीत करू का ट्रेसिंग पेपरची? मागच्या वर्षी एका ग्रुपला उत्तरच आलं नाही म्हणे. तीन किरण जिथं पाहिजे तिथं मिळत होते.

लेव्हलवाली_मॅडम

त्या ग्रुपचं स्टेशन तिन्ही बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळावर पडलं असणार. त्या वर्तुळावर कुठंही उभं राहिलं तरी तिन्ही बिंदूंमधले कोन तेच दिसतात, म्हणून टेबलाला आपली जागा ओळखता येत नाही. ना बेसेल चालत, ना लेमन, ना ट्रेसिंग. आधी नकाशावर तिन्ही बिंदूंतून वर्तुळ काढा आणि त्याच्या रेषेपासून दूर जागा निवडा. तिन्ही बिंदूंच्या त्रिकोणाच्या आत उभं राहता आलं तर सगळ्यात उत्तम.

पहिल्यांदा ट्रेसिंग पेपरनं करा, चटकन समजतं. मग त्याच जागेवर बेसेलनं करून ताडून बघा. टॉवरचा किरण घेताना टोक धरा, खालची केबिन नको.

भूकरमापक_निवृत्त

आणि मोबाइल टॉवर नकोच, बेटा. पुढच्या वर्षी तो तिथं असेल याची खात्री नाही. मंदिराचा कळस घे, टाकी घे, तिसरा एखादा जुना मोठा बुरूज बघ. टाकीच्या कोणत्या बाजूला किरण लावला ते वहीत लिहून ठेव, नाहीतर दुपारी दुसरा पोरगा दुसरी कड धरेल.

सिव्हिलचा_पोट्टा

हाव काका. टेबल सकाळी किती वाजता लावायचं?

लेव्हलवाली_मॅडम

उजाडल्या उजाडल्या. सावलीत स्टेशन शोधायला जाऊ नका.